समतोल फौज म्हणजे काय? रोमचं लीजन, जावळीचं खोरं आणि आमचं टेबल

मागे आवाज येतोय ना? नसेल येत तर हात वर करा, आम्ही जरा मोठ्याने बोलू.

आजचा विषय फलकावर लागला तेव्हा तिघा-चौघांनी आम्हाला बाजारात थांबवून विचारलं, की रायगड डोक्यावर असताना महाडात रोमन फौजेवर कसलं व्याख्यान ठेवता? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ देता येणार नाही, दिवाळीच्या किल्ल्यावरून फिरून यावं लागेल.

आपल्याकडे दर दिवाळीला अंगणात किल्ला होतो. दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर लाल माती, बुरुजांवर पेरलेली मोहरी आणि अळीव. मग बाजारातून चित्रं आणायची. महाराज सिंहासनावर, दोन तुतारीवाले, चार भालेवाले, दोन तोफा, एक गवळण आणि एक पैलवानांची जोडी. ही गवळण लढाईत काय करते हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. [हशा] पण ती नसेल तर किल्ला अपुरा वाटतो, हेही खरं.

आमचं सात-आठ जणांचं टोळकं या किल्ल्यातूनच तयार झालं. दोघे शाळेत शिकवतात, एक गणपती रंगवतात, एक फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेले हवालदार, बाकी आम्ही असेच हौशी. मुलांचा किल्ला बघताना एकदा आमच्यातल्या एकाने सहज विचारलं, की ही चित्रं नुसती उभी का करायची, ती लढवायची का नाही? तिथून टेबल आलं. सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड, मोजायला शिंप्याची टेप आणि सोंगट्यांचे फासे.

जगात हा खेळ जुना आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे सरकवून लढाई खेळण्याचे नियम छापले आणि तिथले अधिकारी त्यावर शिकले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने, म्हणजे विज्ञानकथा लिहिणाऱ्या त्याच वेल्सने, ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन दिवाणखान्यात खेळायचे नियम होते. आणि आपल्याकडचं बुद्धिबळ? त्याचं जुनं नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं. मोहरी मांडून लढाई खेळणं आपल्याला परकं नाही, फक्त बुद्धिबळात पट सपाट असतो. ही सपाटीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रोम. रोमन फौजेपासून सुरुवात करण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. आम्हाला आकडे हवे होते. कुठल्या फौजेत कोण किती, हे कोणीतरी त्याच काळात नीट लिहून ठेवलेलं हवं होतं. रोमच्या बाबतीत ते काम पॉलिबियस या ग्रीक माणसाने केलं. इ. स. पू. १६७ मध्ये त्याला ओलीस म्हणून रोमला नेलं होतं. ओलीस म्हणून गेलेल्या माणसाने जिंकणाऱ्यांची फौज इतक्या बारकाईने टिपून ठेवावी, याचं आम्हाला फार अप्रूप आहे. हरलेल्या माणसाला, आपण का हरलो, हे समजून घ्यायचंच असतं.

त्याच्या हिशोबाने एका लीजनमध्ये, आपण पलटण म्हणू, ४,२०० पायदळ आणि ३०० घोडेस्वार. पायदळाचे चार भाग. सगळ्यात तरुण आणि सगळ्यात गरीब पोरं ती वेलितेस, १,२००. त्यांच्याकडे फेकायचे हलके भाले, लहान ढाल, चिलखत नाही. त्यांच्यामागे हस्ताती, १,२००. त्यांच्यामागे ऐन उमेदीतले प्रिन्सिपेस, तेही १,२००. आणि सगळ्यात मागे लांब भाले घेतलेले जुने जाणते त्रियारी, फक्त ६००. रोमन लोकांत बोलण्याची एक पद्धतच होती, की गोष्ट त्रियारींवर आली म्हणजे प्रसंग कठीण आहे.

आम्ही एका चित्राला साठ माणसं असं माप धरलं. मग वेलितेस वीस, हस्ताती वीस, प्रिन्सिपेस वीस, त्रियारी दहा आणि स्वार पाच. एकूण पंचाहत्तर चित्रं. पण लीजन एकटं कधी लढायला जात नसे. रोमशी तह केलेली इटलीतली गावं तेवढंच पायदळ आणि तिप्पट स्वार देत. म्हणजे आणखी सत्तर पायदळ आणि पंधरा स्वार. सगळी मिळून एकशे साठ चित्रं झाली. ती रंगवायला आमच्या गणपतीवाल्या मित्राने पाच महिने घेतले, त्यातले तीन गणपतीच्या मोसमात फुकट गेले.

एकशे साठ मध्ये घोडे वीस. सात पायदळाला एक स्वार. आता महाभारतातली अक्षौहिणी आठवा. तिचा सगळ्यात लहान घटक म्हणजे पत्ती, त्यात एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ. ते प्रमाण वाढवत वाढवत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ इथपर्यंत जातं. असं सैन्य प्रत्यक्षात कोणी उभं केलं की नाही, हा वाद बाजूला ठेवू. आम्हाला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. फौज म्हणजे नुसती माणसांची संख्या नव्हे, ते एक प्रमाण आहे, हे आपल्याकडे फार आधी कोणाच्या तरी डोक्यात आलेलं होतं.

हे प्रमाण कशासाठी, हे टेबलावर पहिल्याच महिन्यात कळलं. खेळात दोन्ही बाजूंना सारखे गुण द्यायचे आणि त्या गुणांत फौज विकत घ्यायची, असा आमचा नियम. हत्ती महाग, वेलितेस स्वस्त. नववीतला एक मुलगा आला आणि त्याने सगळे गुण हत्तींवर उधळले. दुसऱ्याने रोमन घेतले, पण ती चिल्लर वेलितेस पोरं कशाला, असं म्हणत सगळे त्रियारीच घेतले. दोघेही खूश. मग खेळ झाला. हत्ती सरळ त्रियारींच्या रांगेत घुसले आणि रांग मोडली. त्याच हत्तींसमोर आम्ही वेलितेस ठेवले तेव्हा चित्र पालटलं, कारण त्या पोरांचं कामच पुढे पळून डिवचायचं आणि मागे यायचं. इ. स. पू. २०२ मध्ये झामाला हेच घडलं होतं. हॅनिबलकडे ऐंशीवर हत्ती होते. स्किपिओने आपल्या तुकड्यांच्या मधे सरळ गल्ल्या ठेवल्या, गल्ल्यांत वेलितेस उभे केले आणि हत्तींना त्या गल्ल्यांतून वाट करून दिली.

त्याच्या चौदा वर्षं आधी, इ. स. पू. २१६ मध्ये, कॅनीला याच रोमने याच हॅनिबलकडून इतका मोठा मार खाल्ला होता, की तो आजही लष्करी शाळांत शिकवतात. रोमचं पायदळ ऐंशी हजार, हॅनिबलचं चाळीस. पण घोडे रोमकडे सहा हजार आणि हॅनिबलकडे दहा हजार. हॅनिबलच्या स्वारांनी आधी रोमचे स्वार पळवले, मग मागून येऊन वेढा पुरा केला. दुप्पट पायदळ आतल्या आत चेंगरलं. झामाला स्किपिओने ती चूक भरून काढली. न्युमिडियाचा मासिनिसा चार हजार स्वार घेऊन त्याच्या बाजूने आला होता. रोमला स्वतःचे चांगले घोडेस्वार कधीच पुरेसे जमले नाहीत. त्याने ते दुसऱ्यांकडून आणले. आपल्यात जे नाही ते कोणाकडे आहे हे ओळखणं, हाही समतोलाचाच भाग मानला पाहिजे.

आता महाडकडे येतो. जाता जाता एक सांगतो, रोमचं नाव या खोऱ्याला अगदीच नवं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक जलप्रवासवर्णनात कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आहेत. त्यातलं पॅलेपत्मे म्हणजे आपलं पाले असावं, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. गांधारपाल्याची लेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर महाडपर्यंत होड्या येत, हे तर आपल्या आजोबांनीही पाहिलंय. तेव्हा रोमन नाणं घेऊन कोणी व्यापारी इथवर आला असला तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही. रोमन शिपाई मात्र इथे आला नाही. आम्ही त्याला आणलं, तो प्लायवूडवर. [हशा]

रोमन चित्रं झाल्यावर साहजिकच सगळ्यांचा आग्रह होता, की आता प्रतापगड मांडा. १० नोव्हेंबर १६५९. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून गेलात की उजाडता उजाडता गड दिसतो, तीच जागा. एका बाजूला विजापूरची फौज. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रात दहा हजार स्वार-पायदळ असा आकडा येतो, सभासद बखरीत नुसते स्वारच बारा हजार. दुसऱ्या बाजूला मावळे.

आम्ही इथेही तेच केलं. दोन्हीकडे सारखे गुण, टेबल मधोमध मोकळं, आणि खेळायला बसलो. पाच वेळा खेळलो. चार वेळा विजापूर जिंकलं.

खोलीत शांतता पसरली, ती अजून आठवते. आमच्यातलेच एक जण उठले आणि म्हणाले, “महाराजांची फौज हरते असा खेळ मांडायचाच कशाला? नियम बदला. मावळ्याला एका फाशाऐवजी दोन द्या.” बोलण्यात राग होता आणि तो आम्हाला कळत होता. इथल्या माणसाला तो कळणारच. पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. आपल्यासाठी ही चित्रं नुसती चित्रं नसतात. दोन जण त्यांच्या बाजूने बोलले, तिघे विरुद्ध. त्या रात्री आमचा खेळ जवळजवळ मोडला होता.

तेव्हा आमचे निवृत्त हवालदार बोलले. ते एरवी फार बोलत नाहीत. त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि विचारलं, “हे सपाट कुठलं आहे?” कोणालाच उत्तर देता येईना. मग तेच म्हणाले, “हे वाईचं मैदान झालं. महाराज वाईला गेले होते का?”

सगळं त्या एका वाक्यात होतं. खानाची सगळी खटपट हीच होती, की महाराजांनी मोकळ्यावर यावं. महाराज आले नाहीत. त्यांनी खानाला वाईहून उठवलं आणि रडतोंडीच्या घाटाने खाली, पार गावाजवळ, जावळीच्या रानात आणलं. मावळ्याला दुसरा फासा द्यायची गरजच नव्हती. सपाट टेबलावर मावळ्याला लढवून त्याच्यावर अन्याय आम्हीच केला होता.

मग आम्ही थर्माकोल आणला. टेबलाचा तीन चतुर्थांश भाग डोंगर आणि रान, मधून चार इंचांची वाट, एका कोपऱ्यात गड. नियम फक्त तीन वाढवले. रानात घोड्याची चाल निम्मी आणि त्याला रांग धरता येत नाही. हत्ती, उंट आणि तोफ फक्त वाटेवरून जातात. आणि वाटेवर पुढचा थांबला की मागचे सगळे थांबले. चित्रं तीच, गुण तेच. विजापूरवाला खेळाडू तिसऱ्या फेरीला डोकं धरून बसला. त्याचा एक हत्ती वळणावर अडकला होता आणि त्याच्यामागे त्याची अर्धी फौज उभी होती. सभासदाने या लढाईत हाती लागलेल्यांत ६५ हत्ती, ४,००० घोडे आणि १,२०० उंट सांगितले आहेत. ते आकडे आम्ही आधीही वाचले होते, पण लूट म्हणून. टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं, की ही जावळीत अडकलेल्या फौजेची यादी आहे. बाराशे उंट, आणि ते आंबेनळीच्या उतारावर! ज्यांनी एसटीने हा घाट उतरलाय त्यांना जास्त सांगायला नको.

उंट वाईट असतो असं नाही हं. इ. स. पू. ५३ मध्ये क्रॅससची सात लीजनं कॅऱ्ही इथल्या मोकळ्या माळावर पार्थियन स्वारांपुढे संपली, त्यामागे उंटच होते. धनुर्धारी स्वार बाण सोडून मागे जायचे आणि बाणांनी लादलेल्या एक हजार उंटांवरून पुन्हा भाते भरून यायचे. रोमन वाट बघत राहिले की यांचे बाण कधीतरी संपतील. तिथे उंट म्हणजे विजय, जावळीत उंट म्हणजे वाटेवरचा अडथळा. गुण ठरवणाऱ्याने उंटाला किती गुण द्यायचे सांगा!

आणि जावळीसारखीच गोष्ट रोमच्या वाट्यालाही आली आहे. इ. स. ९ मध्ये व्हारुस नावाचा सेनापती तीन लीजनं घेऊन जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या रानातून चालला होता. वाट अरुंद, पाऊस, भिजून जड झालेल्या ढाली, मैलोगणती लांबलेली रांग. हल्ला करणारा आर्मिनियस स्वतः रोमन फौजेत अधिकारी राहिलेला, त्यामुळे लीजन मोकळ्यावर काय करतं आणि रांगेत अडकल्यावर काय करू शकत नाही, हे त्याला पाठ होतं. तिन्ही लीजनं संपली. सतरा, अठरा आणि एकोणीस हे क्रमांक रोमने पुन्हा कुठल्या लीजनला दिले नाहीत. पॉलिबियसने वाखाणलेल्या परंपरेतली, सगळ्या अंगांनी भरलेली ती फौज होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात पायदळाला, घोड्याला, रथाला, हत्तीला कुठली जमीन मानवते याचा वेगळा विचार केला आहे, तो उगाच नाही.

बरं, मग जावळीत नुसतं पायदळच पुरलं असतं का? हाही प्रयोग आम्ही केला. मराठ्यांच्या बाजूला एकही घोडा ठेवला नाही. खोऱ्यातली लढाई तरीही जिंकता येते. पण खेळ संपतो तिथेच. विजापूरचे जे निसटतात ते निसटतात आणि वर घाटमाथ्यावर काहीच बदलत नाही. इतिहासात तसं झालं नाही, कारण कोकणातून मोरोपंतांचं पायदळ आलं होतं तसे घाटावर नेताजी पालकरांचे स्वार तयार होते. १० नोव्हेंबरला प्रतापगड, २८ नोव्हेंबरला पन्हाळा. अठरा दिवस! पायी फौजेच्या हातून ही मजल मारून वर गड घेणं झालं नसतं. म्हणजे समतोल एका दिवसाच्या लढाईत शोधायचा नसतो, तो मोहिमेत शोधायचा. आम्ही तेव्हापासून एक खेळ म्हणून जावळी खेळत नाही. दोन टेबलं लावतो, एक खोऱ्याचं, एक देशावरचं. खोऱ्यात उशीर केलात तर देशावरचे स्वार तुम्हाला उशिरा मिळतात.

एक अडचण राहते, ती सांगून टाकतो. लढाई सुरू होते तेव्हा खान पडलेला असतो. मग त्याच्या बाजूने खेळायला बसणार कोण? मुलं पळून जायची. शेवटी आम्ही विजापूरवाल्याचं ध्येयच बदललं. त्याने लढून जिंकायचं नाही, जास्तीत जास्त माणसं खोऱ्याबाहेर काढायची. खानाचा मुलगा फाजलखान वाटाड्यांच्या मदतीने खरोखरच निसटला होता. आता त्या बाजूने बसायला मुलांची रांग लागते.

पण वाटाडे म्हटलं की पुढचा प्रश्न आला. हे वाटाडे कोण? खानाच्या बाजूला खंडोजी खोपडे होते, मोऱ्यांपैकी प्रतापराव होते. महाराजांच्या बाजूला कान्होजी जेधे, बांदल. आणि भेटीच्या वेळी बरोबर नेलेल्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम. आमच्या मुलांनी विजापूरच्या सगळ्या चित्रांना एक रंग दिला होता आणि आपल्या सगळ्या चित्रांना दुसरा. कोणते रंग, ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही ती चित्रं पुन्हा रंगवायला घेतली तेव्हा दोन पालक भेटायला आले. वाद घालायला आले होते, पण बसले, चहा घेतला, आम्ही जेधे शकावली आणि बखर समोर ठेवली. एकाला पटलं. दुसऱ्यांना नाही पटलं, पण मुलगा येतो अजून. रोमन फौजेतही बादशाहीच्या काळात निम्म्याच्या आसपास शिपाई रोमचे नागरिक नसलेले, प्रांतोप्रांतीचे असत. फौज रंगवताना एकच डबा उघडून भागत नाही.

आता पखालजीबद्दल बोलतो आणि मग टेबलाकडे जाऊ.

सभासदाने महाराजांच्या फौजेची रचना दिली आहे. पायदळात दहा माणसांना एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पागेत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. म्हणजे पागेचा हजारी प्रत्यक्षात साडेबाराशे घोड्यांचा. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी तो, आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हे आम्ही वाचून दाखवत होतो आणि आमचे हवालदार ऐकत होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव तिथे आल्यावर जरा सावरून बसले. मग म्हणाले, “पंचवीस घोडे. ह्यांना पाणी कोण पाजतं?”

फौजी आंबवड्यासारखं गाव ज्या तालुक्यात आहे तिथे असा प्रश्न विचारणारा माणूस मिळतो, हे आमचं भाग्य. आम्ही खाली वाचलं, तर उत्तर तिथेच होतं. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. इतकी वर्षं ती ओळ आम्ही डोळ्यांखालून घातली होती आणि पुढे गेलो होतो. रोमन लीजनमध्येही पुढच्या काळात आठ जणांचा एक तंबू असे आणि त्यांच्या तंबू-जात्याचं ओझं वाहायला एक खेचर. ते खेचरही आम्ही केलेलं नव्हतं.

बाजारात पखालजीचं चित्र मिळत नाही. नालबंदाचंही नाही. आम्ही पेणपर्यंत विचारून आलो. शेवटी आमच्या मित्राने भिश्त्याची पखाल पाठीवर घेतलेला एक वाकलेला माणूस घडवला आणि घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसलेला दुसरा. आता नियम असा आहे, की तुमचा पखालजी मारला गेला तर पुढच्या दोन फेऱ्यांनंतर त्या पंचवीस घोड्यांची चाल अर्ध्यावर येते. मुलं आधी हसली. आता प्रत्येक खेळात पहिला डाव दुसऱ्याच्या पखालजीवर असतो, आणि त्याला राखायला पाच-सहा मावळे मागे ठेवावे लागतात. हे मागे राहिलेले लढाईत दिसत नाहीत. खऱ्या लढाईतही दिसले नसतील.

पहिली फौज तुम्हाला दाखवता येणार नाही. ती शाडूची होती. २२ जुलै २०२१ ला सावित्री बाजारपेठेत शिरली तेव्हा ती खालच्या खोलीत होती. त्याच दिवशी तळियेत दरड आली, त्यामुळे मातीच्या शिपायांबद्दल तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही आणि आजही फार बोलवत नाही. पाणी ओसरल्यावर खोक्यात लाल-राखाडी गाळ होता, त्यात रोमन कुठला आणि मावळा कुठला ते ओळखू येत नव्हतं. नवी फौज भाजलेल्या मातीची आहे आणि ती माळ्यावर ठेवतो.

गवळणीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. महाराजांच्या फौजेत बायका बरोबर न्यायच्या नाहीत असा कडक नियम होता, त्यामुळे ती लढाईत बसत नाही. पण गडाच्या पायथ्याला वाडी असते, दूध गडावर कोणीतरी नेतच असतं. हिरकणीचं नाव इथे कोणाला सांगायला नको. तेव्हा ती टेबलावर आहे, गडाच्या बाजूला, आणि तिला गुण नाहीत. कोणाला तिच्यासाठी नियम सुचला तर आम्हाला सांगा.

टेबलं मागच्या खोलीत मांडलेली आहेत, जावळी डावीकडे आणि देश उजवीकडे. मोठ्यांनी कृपा करून आधी मुलांना खेळू द्या. आणि विजापूरच्या बाजूला जो बसेल त्याने हत्ती सगळ्यात शेवटी वाटेवर घालावा.